मुंबई ते टोकियो: जाताना बारा तास, येताना साडेसहा?

प्रश्न: लेक टोकियोला असते, जानेवारीत पहिल्यांदाच तिच्याकडे जातेय. तिकिटावर मुंबईहून रात्री ८ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ७.५० ला टोकियोचा नारिता विमानतळ असं आहे, म्हणजे जवळजवळ बारा तास. आणि परतीचं सकाळी ११ ला निघून संध्याकाळी ५.३० ला मुंबई, म्हणजे फक्त साडेसहा. लेक म्हणते उलट येतानाच जास्त वेळ लागतो. हे कसं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, लेक बरोबर सांगतेय. तिकिटावर जी वेळ असते ती त्या त्या गावच्या घड्याळाची असते आणि टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणून जाताना साडेतीन वजा करा, ८ तास २० मिनिटं येतात, आणि येताना साडेतीन मिळवा, बरोब्बर १० तास. अंतर तेच, साधारण ६,८०० किलोमीटर, तरी एक तास चाळीस मिनिटांचा फरक!

बऱ्याच जणांना वाटतं पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, पण तसं नाहीये, कारण हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते. खरं कारण आहे वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आणि हिवाळ्यात जपानवर तो जगातल्या सगळ्यात जोरदार पट्ट्यांपैकी एक असतो, कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर. जाताना तो पाठीमागून ढकलतो, येताना समोरून अडवतो. उन्हाळ्यात हा पट्टा उत्तरेला सरकतो आणि मंदावतो, तेव्हा फरक कमी होतो, तुम्ही जानेवारीत जाताय म्हणून जास्त जाणवेल.

मला यातली फार आवडणारी गोष्ट म्हणजे हा वारा आधी मोजला तो जपानमध्येच! ओइशी वासाबुरो नावाचे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून वाऱ्याची नोंद ठेवायचे, आणि जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी १९२६ मध्ये अहवाल एस्परान्तो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, पण ती भाषा वाचणारेच मोजके, त्यामुळे बाहेर फारसं कुणी लक्षच दिलं नाही. पुढे १९४४ मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकन बॉम्बर विमानांना हाच वारा आडवा आला. इतकं मोलाचं काम इतकी वर्षं पडून राहिलं याचं खरंच वाईट वाटतं.

अजून एक, सीटसमोरच्या नकाशावर विमान सरळ रेषेत जाताना दिसणार नाही. सगळ्यात जवळचा रस्ता हिमालय आणि तिबेटवरून जातो, पण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथे तर जमीनच त्याहून उंच आहे, म्हणून सहसा कोलकाता, म्यानमारच्या बाजूने वळून जातात.

येताना दहा तास बसायचंय तर मधल्या रांगेतली कडेची सीट घ्या, उठून चार पावलं चालता येतं. आणि नारिता विमानतळ टोकियो शहरापासून साठेक किलोमीटर लांब आहे, तेव्हा परतीच्या दिवशी लेकीच्या घरून पहाटेच निघा.