2 जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तो खरोखर वापरता येतो का?

तुमचा लॅपटॉप 2009-10 च्या सुमाराचा, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा आणि 2 जीबी रॅमचा आहे, त्यावरचे विंडोज आता हलेनासे झाले आहे, आणि लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून तो मुलांना अभ्यासासाठी देता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. देता येईल. मात्र त्यावर कोणते काम करायचे हे आधी ठरवा आणि डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची आवृत्ती, नंतर निवडा.

नातेवाईकांनी आणि शेजाऱ्यांनी अडगळीत टाकलेले संगणक घरी आणून ते लिनक्सवर चालते करणे हा माझा बऱ्याच वर्षांचा छंद आहे. त्यात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली : लिनक्समुळे ऑपरेटिंग सिस्टिम हलकी होते, ब्राउझर हलका होत नाही. डेबियन या डिस्ट्रोवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेतला तर लॉगिन झाल्यावर साधारण पाचशे-सहाशे एमबी रॅम व्यापली जाते आणि अँटिएक्स हे आणखी हलके डिस्ट्रो घेतले तर त्याहून बरीच कमी. पण त्यानंतर फायरफॉक्समध्ये एकदोन जड संकेतस्थळे उघडली की उरलेली रॅम पाहता पाहता भरते, सिस्टिम स्वॅपकडे, म्हणजे रॅमऐवजी वापरल्या जाणाऱ्या हार्ड डिस्कवरच्या जागेकडे, वळते आणि डिस्कचा दिवा अखंड पेटलेला राहतो. त्या क्षणी तुम्ही कोणते डिस्ट्रो निवडले होते याने काही फरक पडत नाही.

म्हणून थोडा खर्च करण्याची तयारी असेल तर तो रॅम आणि एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कवर, करा. या काळातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये 4 जीबी रॅम बसते. फक्त ती डीडीआर 2 आहे की डीडीआर 3 हे मागचे झाकण उघडून, रॅमच्या पट्टीवरचे लेबल वाचून मगच दुकानात जा, कारण एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा गावातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात जुन्या यंत्रांतून काढून ठेवलेल्या पट्ट्या मिळून जातात. डिस्क जोडण्याच्या जुन्या साटा जोडणीमुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही हे खरे, पण संगणक रेंगाळतो तो शेकडो लहान फायली फिरत्या तबकडीवरून शोधून वाचण्यात, आणि तो वेळ एसएसडीने जवळजवळ नाहीसाच होतो. खर्च करायचाच नसेल तर निदान झेडरॅम चालू करा. त्यात सध्या न लागणारा मजकूर दाबून रॅमच्याच एका भागात ठेवला जातो आणि तो पुन्हा उलगडायला प्रोसेसरला जो वेळ लागतो तो डिस्कवरून वाचण्याच्या मानाने नगण्य असतो.

तुमचा प्रोसेसर 64 बिटचा आहे. अशा यंत्रांवर पुष्कळदा 32 बिट विंडोज टाकलेले असे, त्यामुळे यंत्रच 32 बिटचे असल्याचा अनेकांचा समज होतो. हा फरक आता महत्त्वाचा झाला आहे, कारण 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये 32 बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर नाही आणि फायरफॉक्सनेही 32 बिट लिनक्सचा पाठिंबा थांबवला आहे. अ‍ॅटम एन 270 हा 32 बिट प्रोसेसर असलेल्या छोट्या नेटबुकांना याची खरी झळ बसते. तुम्हाला ती चिंता नाही.

अभ्यासाचे म्हणाल तर इंटरनेटशिवाय होणाऱ्या कामांत हे यंत्र फार समाधान देते. लेखन आणि तक्त्यांसाठीचे लिबरऑफिस चालते, लहान मुलांना चित्रे काढायला टक्सपेंट आहे, आणि किविक्स हे ऑफलाइन वाचनाचे सॉफ्टवेअर बसवले तर संपूर्ण मराठी विकिपीडिया डिस्कवर उतरवून ऑफलाइन वाचता येतो, जे मला जुन्या संगणकाच्या सर्वांत चांगल्या उपयोगांपैकी एक वाटते. मराठी टंकलेखनासाठी आयबस आणि एम 17 एन ही सॉफ्टवेअर बसवा, म्हणजे इनस्क्रिप्ट हा कळफलक मिळतो. यूट्यूबबाबत मात्र अपेक्षा मर्यादित ठेवा. तिथले व्हिडिओ बहुधा व्हीपी 9 किंवा एव्ही 1 या नव्या स्वरूपांत येतात, ती उलगडण्याची सोय इतक्या जुन्या ग्राफिक्स चिपमध्ये नसते आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ब्राउझरला एच.264 हे जुने, हलके स्वरूप मागायला लावणारे एक्स्टेंशन आहे, ते टाकून 480पी वर पाहिले तर निभावते.

एक बारीकशी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वर्षानुवर्षे बंद असलेल्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, त्यामुळे तारीख मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचा इशारा देऊ लागतो, कारण संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांच्या मुदती त्या चुकीच्या तारखेशी जुळत नाहीत. लोक याला लिनक्सचा दोष समजून सगळे पुन्हा इन्स्टॉल करायला घेतात. आधी घड्याळ पाहा आणि ती बॅटरी बदला.

काहीही पुसण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सत्र, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट लिनक्स, चालवून वायफाय, आवाज आणि स्क्रीनचा उजेड तपासा. झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का, हेही तेव्हाच पाहून घ्या. वायफाय दिसले नाही तर निराश होऊ नका. डेबियन 12 पासून बहुतेक चिपचे फर्मवेअर, म्हणजे ती चालवायला लागणारे सॉफ्टवेअर, इन्स्टॉलरमध्येच येते, आणि तरीही अडले तर तेवढ्या वेळापुरता मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते.