आजी वारीला जाते, आप्पा देवळात जात नाहीत

प्रिय सई,

फोनवर तू विचारलंस तेव्हा "सविस्तर लिहिते" म्हणून मी वेळ मारून नेली. तुझ्या रूममेटने सरळच विचारलं, तुम्ही लोक नक्की काय मानता? आणि तुला सांगता येईना. आजी आषाढीला वारीत चालते, आप्पा देवळाबाहेर चपला सांभाळत उभे राहतात पण आत पाऊल टाकत नाहीत, आणि मी, तुझी आई, देव नाही म्हणते तरी भाद्रपदात गणपती बसवून खड्या आवाजात आरती म्हणते. तू मला विचारलंस, "यातलं शहाणपणाचं कुठलं? की मराठी माणसं कधी काही ठरवतच नाहीत?"

ठरवतात की. प्रत्येकाने वेगळं ठरवलंय आणि दीडशे वर्षं त्यावर भांडण चालू आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: नुसत्या युक्तिवादाचा प्रश्न असेल तर देव न मानणंच मला जास्त पटतं. पण आप्पा ज्या वाटेने तिथे पोचतात ती मला पुरेशी वाटत नाही.

आप्पांची वाट चमत्कारांवरून जाते. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो अशी बातमी देशभर पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. आप्पांनी घरातला वरवंटा धुतला, टेबलावर उभा केला आणि चमच्याने त्यालाही दूध पाजलं. वरवंट्यानेही ते आनंदाने घेतलं. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि दगडावरून इतक्या पातळ थराने खाली ओघळतं की दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ लोकांना दाखवला. पुढे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना बरोबर घेऊन फलज्योतिषाची चाचणी केली. हुशार मुलांच्या शंभर पत्रिका, विशेष मुलांच्या शाळांतल्या शंभर. प्रत्येक ज्योतिषाकडे त्यातल्या चाळीस पाठवायच्या आणि कुठली कोणाची ते ओळखायला सांगायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी याहून वाईट झालं नसतं.

हे दोन्ही किस्से आप्पांना तोंडपाठ आहेत. गंमत अशी की आजीलाही ते आवडतात, कारण चमत्कारवाल्यांवर तीही हसते. "नवसे कन्या पुत्र होती, तरी का करणे लागे पती" असं तुकोबांनीच साडेतीनशे वर्षांपूर्वी विचारून ठेवलंय. गाडगेबाबा तर हातात खराटा घेऊन गावोगाव कीर्तन करायचे, देव किती म्हणून विचारायचे, लोक एक म्हणाले की खंडोबा, भैरोबा, म्हसोबा मोजायला लावून त्यांना हसत हसत कोंडीत पकडायचे, आणि शेवटी त्याच लोकांकडून गोपाला गोपाला म्हणवून घ्यायचे. थोडक्यात, दूध न पिणाऱ्या गणपतीमुळे तुकोबा किंवा गाडगेबाबा हरत नाहीत. देव काय काय करतो याबद्दलचे दावे तपासता येतात आणि तपासले की बहुतेक पडतात. तुझा प्रश्न मात्र त्याच्या पलीकडचा आहे.

त्या पलीकडच्या प्रश्नावर आपल्याकडची चांगली चांगली डोकी विरुद्ध बाजूंना गेली. न्यायमूर्ती रानडे प्रार्थना समाजातले. मूर्ती नको, कर्मकांड नको, पण एक ईश्वर आहे आणि त्याची खूण विश्वाच्या रचनेत आणि माणसाच्या सदसद्विवेकात दिसते असं ते मानत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, भटजी, पोथ्या, अवतार सगळं झुगारलं, पण निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, ठेवला. त्याची सगळी लेकरं सारखी, म्हणून कोणी उच्च नाही आणि कोणी नीच नाही. यांना भोळसट म्हणायची माझी छाती नाही. त्यांच्यासमोर गोपाळ गणेश आगरकर. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' हे वृत्तपत्र काढलं आणि लिहिलं की जे कळत नाही ते कळत नाही म्हणावं, त्याला नाव देऊन पूजेला बसू नये. पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने जर्जर झालेला तो माणूस चाळिशी गाठायच्या आत गेला.

मी आगरकरांच्या बाजूची आहे. रचना आहे म्हणून रचणारा असलाच पाहिजे, हा युक्तिवाद डार्विनच्या आधी बराच भक्कम होता. १८५९ नंतर सजीवांची रचना समजायला रचणाऱ्याची गरज उरली नाही. मग उरतं ते एवढंच की मुळात काहीतरी का आहे, काहीच नाही असं का नाही? हा प्रश्न खरा आहे, याचं उत्तर भौतिकशास्त्राने दिलंय असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. पण "निर्मिकाने केलं" म्हटल्यावर निर्मिक कुठून आला हे विचारायचं नाही, असा नियम कोणी केला? एक कोडं सोडवायला दुसरं तेवढंच मोठं कोडं आणायचं आणि मग थांबायचं, हे मला पटत नाही. आणि देव आहे म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो, नाही म्हणणाऱ्याने नव्हे. एवढ्यावर मी नास्तिक आहे. आप्पांच्या मते मी अज्ञेयवादी आहे, म्हणजे देव आहे की नाही ते कळूच शकत नाही म्हणणारी, आणि घाबरट आहे.

आता ज्या ठिकाणी माझं मन खरं अडतं तिथे येते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लातूर-उस्मानाबादच्या गावांतली माणसं गणपतीचं विसर्जन करून, नाचून, दमून झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटं असताना किल्लारीचा भूकंप झाला. दगडामातीच्या जाड भिंती आणि माळवदाची घरं झोपलेल्यांच्या अंगावर बसली. हजारो माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या इथेही हादरा बसला होता, आणि मग दिवसभर रेडिओ.

सर्वशक्तिमान आणि दयाळू, दोन्ही असलेल्या देवाला ती रात्र मानवत नाही. हा आक्षेप जुना आहे, जगभर घेतला गेलाय, आणि त्याला दिलेलं एकही उत्तर मला पुरेसं वाटत नाही. आपल्याकडचं ठरलेलं उत्तर पूर्वकर्माचं. ते त्या वेळी मी एका शहाण्यासुरत्या नातेवाइकाच्या तोंडून ऐकलं: "त्यांच्या कर्मात होतं." सई, हे उत्तर नुसतं चूक नाही, दुष्ट आहे. ढिगाऱ्याखालच्या तान्ह्या मुलालाच ते गुन्हेगार ठरवतं. आणि पुरावा? गेल्या जन्मात आहे, म्हणजे कधीच तपासता येणार नाही.

मी आजीला विचारलं होतं, विठोबाने असं का केलं? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यानं केलं असं कोण म्हणतं? तो तिथंच होता, एवढंच." तेव्हा मला हे पळवाटेसारखं वाटलं. आता वाटत नाही. तिने देवाची सत्ता सोडून दिली आणि सोबत ठेवली. तत्त्वज्ञानाच्या हिशेबात ही केवढी मोठी किंमत आहे! पण तिने ती मोजून दिली. तिचा विठोबा भूकंप थांबवत नाही, परीक्षेत पास करत नाही, आजार बरा करत नाही. अशा देवाविरुद्ध वरवंट्याचा प्रयोग चालत नाही.

ही वाट तिला तुकोबांकडून मिळाली असणार. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत मेली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. एवढं झाल्यावर कोणी नास्तिक झालं तर त्याला दोष देता येणार नाही. तुकोबा उलटे देवाकडे गेले, पण तोंड बंद ठेवून नाही. "माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल" असंही ते म्हणतात. आणि दुसरीकडे: "आहे ऐसा देव वदवावी वाणी, नाही ऐसा मनी अनुभवावा." या ओळीवर कीर्तनकार तासन्‌तास बोलतात, ब्रह्म वगैरे काढतात. मला एवढं कळतं की देवळात लाखो लोक ज्याचे अभंग म्हणतात तो माणूस 'नाही' हा शब्द उच्चारायला घाबरत नव्हता.

म्हणून आजीची श्रद्धा मला अविचारी वाटत नाही. तिने जगाबद्दल खोटा दावा केलेला नाही. कोणावर तरी प्रेम केलंय, आणि ते कोणी आहे की नाही याची मला खात्री नाही. आहे असं मला वाटत नाही. पण तिला तसं पटवून देण्यात मला रस नाही, आणि तिला मला वारीला न्यायचंच असा हट्ट नाही. (एकदा आळंदीपर्यंत नेलं होतं. पाय सुजले.)

मात्र या मवाळपणाची हद्द आहे. त्याच विठोबाच्या दारात चोखोबांना आत घेतलं नाही. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरात जाता यावं म्हणून आंबेडकरांना सत्याग्रह उभारावा लागला, तो वर्षानुवर्षं चालला आणि दार उघडलं नाही. पंढरपूरचं दार उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले, आणि ते स्वतः देवभोळे म्हणावेत इतके श्रद्धाळू होते. आत बसून दार लावणारेही भाविक, बाहेर उपाशी बसणारेही भाविक. देव मानतो की नाही एवढ्यावरून माणूस कुठल्या बाजूला उभा राहील हे सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि आप्पांच्या नास्तिक मित्रमंडळींतही असे आहेत की देवाला नकार देतात पण मुलीच्या लग्नात जात विचारतात.

आंबेडकरांनी तर 'देव मानणारे' आणि 'न मानणारे' या दोन्ही रकान्यांत न बसणारं काहीतरी केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म घेतला: ब्रह्मा-विष्णू-महेश नाहीत, जग निर्माण करणारा नाही, पण नीती आहे, दीक्षा आहे, संघ आहे. देव वजा करूनही धर्म उरतो, आणि माणसांना तो लागतो, असं त्यांनी ठरवलं. महाराष्ट्रात लाखो घरं आज तसं जगतात. "तुम्ही लोक काय मानता" या प्रश्नाला आजीचं उत्तर जितकं मराठी, तितकंच हेही.

नट श्रीराम लागू आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर गावोगाव एकाच व्यासपीठावर यायचे. लागू म्हणायचे, देवाला आता रिटायर करा. दाभोलकर म्हणायचे, आमची समिती देवाच्या किंवा धर्माच्या विरोधात नाही. देवाच्या नावावर लुबाडणूक होते तिच्या विरोधात आहे. लोकांसमोर दोघं वाद घालायचे. युक्तिवादात मी लागूंबरोबर आहे. वागताना दाभोलकरांसारखं वागायचा प्रयत्न करते. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्या पुलाला विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव आहे. शिंदे प्रार्थना समाजाचे प्रचारक, पक्के ईश्वरवादी, अस्पृश्यता मोडायला आयुष्य दिलेले. या दोघांचं एकमेकांशी उत्तम जमलं असतं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्येच झाला, दाभोलकरांच्या मृत्यूनंतर.

राहिली माझी आरती. तू "दांभिकपणा" म्हणालीस नाही, पण आवाजात होता. मी आरती म्हणते तेव्हा कोणतंही विधान करत नसते. तो सूर, टाळ, चाळीस माणसांचा एकदम चढणारा आवाज मला हवा असतो, आणि या परक्या देशात तो दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळत नाही. प्रार्थना म्हणून मी काही मागत नाही. कोणी विचारलं तर देव मानत नाही हेही सांगते, प्रसाद वाटता वाटता सांगते. आप्पांना हे स्पष्टीकरण लेचंपेचं वाटतं. त्यांचं म्हणणं, असं करत करत पुढची पिढी विचार न करता हात जोडायला शिकते. तू विचारते आहेस, म्हणजे निदान एका बाबतीत ते घडलेलं नाही.

रूममेटला सांगताना आमच्या तिघांची सरासरी काढू नकोस. तुझं काय आहे ते सांग, आणि अजून ठरलं नसेल तर तसं सांग. माझं पटलं नाही तर आप्पांना फोन कर, ते माझ्याहून कडक बोलतील. आजीला करायचा असेल तर तिच्या दुपारी कर, संध्याकाळी तिचा हरिपाठ असतो.

तुझी,
आई