खुर्चीच्या हातांवरचा रंग सुटतो

प्रश्न : जुन्या सागवानी आरामखुर्चीला घरीच पांढरा ऑइल पेंट दिला. दोन महिन्यांत खुर्चीच्या हातांवरचे रंगाचे पापुद्रे निघू लागले. पुन्हा एक हात मारू का?

उत्तर : नको, तोही खालच्या थरासकट निघेल. हात टेकतो तिथेच रंग सुटतोय, म्हणजे खाली जुनं पॉलिश आणि वर्षानुवर्षांचं तेल-घामाचं किटण आहे. अशा गुळगुळीत थरावर रंगाला पकड मिळत नाही.

सुटलेला रंग रंगाऱ्याच्या पत्र्याने (स्क्रेपरने) खरवडा. उघड्या जागी पॉलिशच्या स्पिरिटचा बोळा फिरवा. पॉलिश चिकट होऊन बोळ्याला लागलं तर ते लाखेचं. स्पिरिटनेच पुसून काढा. मेलामाइन (स्पिरिटने न विरघळणारं कडक पॉलिश) असेल तर ढिम्म हलणार नाही, ते घासावंच लागतं. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, दोन्ही लाकडाच्या रेषेनेच. आडवं घासलं की ओरखडे रंगातूनही दिसतात. नाकाला मास्क हवाच. धूळ झटकून टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा, वाळू द्या.

आता वुड प्रायमरचा एक हात. रात्रभर वाळला की खाचांत लांबी (पुट्टी) भरा, ती सुकल्यावर ३२० ने घासा आणि लांबीवर पुन्हा प्रायमर लावा. इथे कंटाळा केला तर तेवढेच डाग निस्तेज दिसतात.

शेवटी रंगाचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र. जाड हात वरून सुकतो, आत ओलाच राहतो. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. रंग हाताला सुका लागला तरी आठवडाभर खुर्चीत बसायचं नाही.