वाचक विचारतात : हवेत हात फिरवून तोल सुधरते का?

प्रश्न : मी मोहाडी तालुक्यातला, वय 58, धानाची शेती. मागच्या रोवणीत धुऱ्यावरून पाय घसरला आन तेव्हापासून उतारावर भेव वाटते. भाचा नागपूरले राहते, त्यानं मोबाईलवर 'ताई ची' नावाची चिनी कसरत दाखवली, म्हणे मामाजी रोज करा. आंगणात करून पाह्यलं तं शेजारी म्हणते, भूत उतरवून राहिले का? याचा फायदा होते का, आन हे आपल्याच बोधिधर्म नावाच्या बौद्ध भिक्षूनं चीनले नेलं म्हणतात ते खरं का?

उत्तर : काकाजी, शेजाऱ्याला सांगा, ही मारामारीचीच विद्या आहे, फक्त शिकतात हळू. बोधिधर्माचं नाव चीनमधल्या शाओलिन मठाच्या कुंग फूशी जोडतात, तीही दंतकथाच, ताई चीची वाट वेगळी. ती निघते हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ या शेतकऱ्यांच्या गावातून, तिथल्या 17व्या शतकातल्या चेन वांगतिंगला तिचं श्रेय देतात, मग 19व्या शतकात यांग लुचान हा बाहेरचा माणूस तिथं शिकला आणि त्याने ती बीजिंगला नेली. मारामारीच्या विद्येत 'आतली' आणि 'बाहेरची' असा भेद हुआंग त्सोंगशी या चिनी विद्वानाच्या 1669 सालच्या एका समाधीलेखात सापडतो, ताई ची 'आतली' मानतात. आतली म्हणजे जादू नाही बरं, जोर खांद्यातून न काढता पायातून कमरेत आणि कमरेतून हातात आणायचा, एवढंच.

चेन घराण्यात एका कसरतीला रेशीम उकलणं म्हणतात. हे मी तुम्हाला काय सांगू, तुमच्या भंडाऱ्याकडे बाया मांडीवर कोशाचा धागा काढायच्या, झटका दिला की तुटतो, ढिला सोडला की गुंततो, हात तसाच फिरवायचा, एकसारखा.

तोलाचं म्हणाल तर होतो फायदा. अमेरिकेत पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) 195 पेशंटवर झालेला अभ्यास 2012 मध्ये छापून आला, आठवड्यातून 2 वेळा, 24 आठवडे, त्यात ताई चीवाल्यांचा तोल सुधारला आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा खाली पडले. पण यानं शुगर जाते, कॅन्सर बरा होतो असं कोणी व्हिडिओत सांगितलं तर तो व्हिडिओ बंदच करा.

सुरुवात हाताने करू नका, सगळे तिथंच चुकतात. चिखलाच्या बांधीत उतरताना तुम्ही काय करता, पाय आधी नुसता टेकवता, खाली माती धरते का पाहता आणि मगच वजन टाकता ना? तेच. सगळं वजन डाव्या पायावर, उजवा रिकामा, रिकामा पाय पुढे टाच टेकवून ठेवायचा, मग हळूहळू त्यात वजन ओतायचं, गुडघा बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. पहिले काही दिवस बाजूला खाट किंवा भिंत असू द्या. माझ्या तर 5 मिनिटांत मांड्या थरथरल्या होत्या, दिसायला सोपं दिसते बाप्पा. मग जमलं की 1956 साली चीन सरकारने बसवलेला 24 हालचालींचा छोटा प्रकार आहे तो शिका, 5-6 मिनिटांत होतो, भाच्याला तोच शोधायला लावा. घसरल्यावर गुडघा सुजला असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, सुजलेल्या गुडघ्यावर हे काहीच करायचं नाही.

आणि आंगणात लोक हसत असतील तर सांदवाडीत करा.