लॅम्पवर्क काचेच्या पेंडंटला कडी कशी लावावी म्हणजे ती मुळातून तुटणार नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की ज्योतीवर काचेच्या कांड्या वितळवून (यालाच लॅम्पवर्क म्हणतात) पेंडंट छान जमतं, पण वरची काचेची कडी कधी भट्टीतून काढताना, तर कधी महिन्याभराने गळ्यात असतानाच मुळाशी तुटते. मग सरळ धातूची कडी चिकटवून टाकावी का? चिकटवायची घाई करू नका. कडी मुळाशी तुटते तेव्हा कडीचा दोष क्वचितच असतो. जोड कच्चा राहिलेला असतो.

पहिलं काम म्हणजे तुटलेली जागा भिंगाखाली बघा. पेंडंटच्या अंगावर गुळगुळीत, चकचकीत, उथळ खळगा दिसत असेल आणि कडी तिथून पापुद्र्यासारखी अलगद निघाली असेल, तर दोन काचा एकमेकींत मिसळल्याच नव्हत्या, फक्त टेकल्या होत्या. कडीबरोबर अंगाचाही शिंपल्यासारखा टवका निघाला असेल, तर बहुतेक वेळा आत ताण होता: काचा जुळणाऱ्या नव्हत्या किंवा अनीलिंग, म्हणजे भट्टीत ठेवून ताण घालवत सावकाश थंड करणं, अपुरं झालं. आणि कडी मधल्या वळणावर तुटली असेल, तर ती फार बारीक होती किंवा थंड हत्याराने तिथे चटका बसला होता. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून ही तपासणी आधी.

काचेबद्दल थोडं बोलणं भाग आहे. लॅम्पवर्कसाठी इटलीची एफेत्रे ही मऊ काच, म्हणजे जुनी मोरेत्ती, हिचा प्रसरणांक १०४, बुल्सआय या अमेरिकी काचेचा ९०, उष्णता सहन करणाऱ्या बोरोसिलिकेटचा, म्हणजे बोरोचा, ३३. १०४ याचा अर्थ असा की तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की काच एक कोटी भागांत १०४ भाग वाढते आणि थंड होताना तितकीच आकसते. बोरोची मजबूत पारदर्शक कांडी हाताशी आहे म्हणून मऊ काचेच्या पेंडंटला तिची कडी लावली तर ती तुटणारच, कितीही निगुतीने लावा. आपल्याकडे बरेच जण उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबाद, पुर्दिलनगरकडच्या सुट्या कांड्या किंवा चक्क बाटलीची काच वापरतात. त्यांचा आकडा कुणी लिहून देत नाही. अशा वेळी कडीची काच आणि अंगाची काच यांची टोकं शेजारी शेजारी वितळवून चिकटवा, ढवळू नका, आणि त्याची साधारण फूटभर लांब, एक मिलिमीटर जाडीची तार ओढा. थंड झाल्यावर तार सरळ राहिली तर काचा जुळतात. धनुष्यासारखी वाकली तर जास्त आकसणारी काच आतल्या बाजूला आहे असं समजा आणि ती जोडी सोडून द्या. पाच मिनिटांची ही चाचणी पुढचे बरेच तास वाचवते.

आता खरा मुद्दा. पेंडंट धरण्यासाठी आपण त्याला एक तात्पुरती कांडी चिकटवतो, तिला पंटी म्हणतात. पंटी मुद्दाम कच्ची लावायची असते: तिचं टोक गरम, पण अंगाची जागा तितकी गरम नाही, म्हणजे काम झाल्यावर टिचकी मारली की ती सुटते. बहुतेक नवे कारागीर कडीसुद्धा नेमकी अशीच लावतात. कांडीचं टोक लालबुंद आणि पेंडंटचा माथा मात्र थिजलेला. मग तीही पंटीसारखीच सुटते. कडीसाठी दोन्ही बाजू सारख्याच तापल्या पाहिजेत. हे एवढं हाताला कळलं की अर्धी तुटफूट थांबते.

मऊ काचेसाठी मी सांगतो तो क्रम असा. पेंडंटचा आकार पूर्ण झाला की त्याच्या तळाला किंवा पाठीला पंटी लावा आणि ज्या कांडीवर पेंडंट घडवलं ती मूळ कांडी ज्योतीने कापून टाका. जिथून ती कापली तोच तुमचा माथा, कडी तिथेच यायची. संपूर्ण पेंडंट मोठ्या, मऊ ज्योतीत फिरवून एकसारखं गरम करा. यापुढे कडीवर कितीही लक्ष असलं तरी दर चार-पाच सेकंदांनी अंग ज्योतीतून फिरवून आणायचंच. अंग ५०० अंशांच्या खाली बरंच उतरलं आणि मग माथ्यावर अचानक तीव्र ज्योत पडली, तर चीर कडीच्या बुडाशी सुरू होऊन थेट पोटात जाते.

कडीसाठी त्याच जातीची ५ ते ६ मिलिमीटरची पारदर्शक कांडी घ्या. हस्तिदंती, काळी अशा मऊ रंगांची कडी ज्योतीत पटकन ढिली पडते, पारदर्शक काच आकार धरून राहते. कांडीच्या टोकाला ६-७ मिलिमीटरचा गोळा होऊ द्या. त्याच वेळी माथ्यावरची तेवढीच जागा चमकून नारिंगी दिसेपर्यंत तापवा. ज्योतीच्या किंचित बाहेर येऊन गोळा माथ्यावर दाबा, एक-दोन सेकंद थांबा, मग अणकुचीदार ज्योत जोडावर फिरवा. कडेची बारीक खाच बुजून तिथे गोलसर उतार दिसला पाहिजे. हा उतार म्हणजे सगळं काही. खाच राहिली तर तीच पुढची चीर असते.

मग कांडी सावकाश वर ओढा, जाडी अडीच ते तीन मिलिमीटर राहील इतकीच. ती दोन मिलिमीटरच्या खाली गेली तर कडी नाजूक होते, आणि घाईत ओढली तर मधे बारीक व टोकांना जाड होते. साधारण १५ ते १८ मिलिमीटर लांबी मिळाली की ग्रॅफाइटच्या ४ मिलिमीटर सळीवरून ती वळवून दुसरं टोक माथ्यावर आणा. दुसरी जागाही आधी तापवलेली हवी. हा दुसरा जोडच जास्त तुटतो, कारण तोपर्यंत माथा थंडावलेला असतो आणि हात वळण देण्यात गुंतलेला असतो. टेकवा, तापवा, कांडी ज्योतीने कापा आणि उरलेलं शेपूट जोडातच वितळवून टाका. दुसऱ्या जोडालाही पहिल्यासारखाच उतार आला की भोक निमुळत्या ग्रॅफाइटने किंवा टंगस्टनच्या टोच्याने गोल करा. लोखंडी हत्यार लालबुंद असेल तर काचेला चिकटतं, बर्फासारखं गार असेल तर चटका देतं. ग्रॅफाइट चिकटत नाही, पण त्यालाही एकदा ज्योत दाखवलेली बरी. हत्यार लागल्यावर कडीला क्षणभर ज्योत द्यायला विसरू नका, नाहीतर त्या जागी सूक्ष्म तडे राहतात. मात्र क्षणभरच. जास्त झालं तर भोक मिटतं.

शेवटी पेंडंट गरम चिमट्याने किंवा पंजासारख्या गरम पकडीने धरा, पंटी टिचकीने सोडवा, तिथला टोकेरी ठसा वितळवून गुळगुळीत करा, सगळं अंग आणखी वीस-तीस सेकंद मऊ ज्योतीत फिरवा आणि थेट भट्टीत ठेवा. हे सगळं डिडिमियमच्या चष्म्यातून करायचं. तो तापल्या काचेतून निघणारा सोडियमचा पिवळा झगमगाट गाळतो. त्याशिवाय जोड दिसतच नाही.

कडीची दिशा आधीच ठरवा. भोक समोरून दिसेल अशी कडी असेल तर साखळी थेट ओवता येत नाही, पेंडंट आडवं वळतं. मधे एक धातूची जोडकडी लागते. भोक डावीकडून उजवीकडे असेल तर साखळी किंवा दोरा सरळ जातो. आणि भोकाचा आकार: जोडकडीसाठी ४ मिलिमीटर पुरेत, पण साखळीचा फासा त्यातून काढायचा असेल तर ६ लागतात. फासा मोजूनच सळी निवडा.

हात बसेपर्यंत मी तुम्हाला मॅन्ड्रेलवरची, म्हणजे मणी करायच्या सळईवरची, पद्धत सुचवेन. बीड रिलीजचा, म्हणजे काच चिकटू न देणारा, लेप दिलेल्या ३ मिलिमीटरच्या स्टीलच्या मॅन्ड्रेलवर आधी काचेचे दोन वेढे घ्या, ते नीट वितळवून एक कडं करा आणि त्याच्याच एका बाजूवर काच चढवत पेंडंटचं अंग वाढवा. यात कडी मागाहून जोडायचीच नसते, भोकही आपोआप योग्य दिशेला येतं. मणी करता येणाऱ्याला हे पहिल्या दिवशी जमतं. लेपाची भुकटी नंतर पाण्याखालीच साफ करा, ती श्वासात जाणं वाईट.

अनीलिंगशिवाय वरचं सगळं वाया जातं. जाड अंग आणि बारीक कडी वेगवेगळ्या वेगाने थंड होतात आणि सगळा ताण त्यांच्या सांध्यात साठतो. १०४ च्या काचेसाठी भट्टी आधीच ५१५ अंश सेल्सिअसवर तयार हवी. १२ मिलिमीटरपर्यंत जाडीचं पेंडंट तिथे तासभर ठेवा, मग ताशी ५५ अंशांच्या आसपास उतरवत ३७० पर्यंत आणा आणि भट्टी बंद करा. दार उघडायचं ते खोलीच्या तापमानाला आल्यावरच. बोरोसाठी तापमान ५६५. गरम राखेत किंवा व्हर्मिक्युलाइट या हलक्या खनिज दाण्यांमध्ये पुरून ठेवणं म्हणजे अनीलिंग नव्हे. त्याने काच हळू थंड होते आणि त्याच दिवशी फुटत नाही, पण ताण आतच राहतो. पुढे महिन्याभराने गळ्यात तुटणारी कडी बहुधा यातलीच असते.

ताण डोळ्यांनी बघता येतो. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगलची काच समोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा, आणि दोन्हींच्या मधे पेंडंट धरा. काच पारदर्शक असेल तर ताण असलेली जागा उजळ दिसते. कडीच्या बुडाशी उजळ पट्टे दिसले तर ते पेंडंट विकू नका, पुन्हा अनील करा. पुन्हा अनील करूनही पट्टे तसेच राहिले तर काचा जुळत नाहीत. अपारदर्शक रंगांवर ही युक्ती चालत नाही.

काचेच्या कडीऐवजी तारेची कडी करून ती काचेत रोवायची असेल तर तार बारीकच घ्या. नायक्रोम या निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची अर्ध्या मिलिमीटरची तार सर्वात निर्धोक, ती ज्योतीत वितळत नाही. तांबं काचेपेक्षा बरंच जास्त आकसतं, म्हणून जाड तांब्याभोवती तडे जातात. शिवाय ते काळं पडतं. शुद्ध चांदी ९६१ अंशांनाच वितळते, ज्योतीत थेट नेली तर थेंब होऊन पडते. तार कोणतीही असो, आतल्या टोकांना पीळ देऊन आकडा करा आणि वर काचेचा ठिपका वितळवा, म्हणजे ती उपसून येत नाही.

तुमच्या प्रश्नातला गोंद सपाट पाठीच्या, हलक्या पेंडंटला चालतो. झटपट चिकटणारे सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद टाळा. ते ठिसूळ असतात, घामाने आणि धक्क्याने सुटतात. अराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा, सावकाश वाळणारा इपॉक्सी घ्या. काच आणि धातूची चकती दोन्ही ओल्या डायमंड फाइलने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग बोट लावू नका. दोन्ही भाग समसमान मिसळा, पातळ थर द्या, आडवं ठेवून पूर्ण चोवीस तास हलवू नका. चकती पेंडंटच्या मध्याच्या वर हवी. मध्यावर किंवा खाली लावली तर पेंडंट गळ्यात उलटं होतं.

ज्यांच्या कड्या आधीच तुटल्यात ती पेंडंटं थेट ज्योतीत धरू नका. भट्टीत ताशी २०० अंशांच्या आसपास चढवत ५१५ पर्यंत न्या, अर्धा तास ठेवा, गरम चिमट्याने उचलून लगेच ज्योतीत आणा, जुना खळगा वितळवून सपाट करा, मग नवी कडी लावा आणि पुन्हा पूर्ण अनीलिंग करा. चांदीचा वर्ख किंवा नाजूक रंग असेल तर ते पुन्हा तापल्यावर बदलू शकतात. अशांना पाण्याखाली डायमंड बिटने दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं भोक पाडून ०.८ मिलिमीटरच्या तारेची कडी वळवलेली बरी. पटवेकऱ्याकडून गोफात ओवून घ्यायचं असेल तर भोकाची कड आधी घासून घ्या, धारदार काच दोरा कापते. आणि जोडकडी उघडताना तोंड फाकवू नका. एक टोक पुढे, एक मागे असं पिळून उघडा आणि तसंच बंद करा.