तंजावरला अर्धा दिवस? दोन रात्री राहा

त्रिची, मदुराई, रामेश्वर करताना वाटेत तंजावर अर्ध्या दिवसात उरकेल का, सोबत सत्तरीतले आईवडील आहेत, असं तुम्ही विचारलंय. उरकेल. देवळासमोर गाडी थांबवून नंदीपुढे फोटो काढून निघणारे पुष्कळ असतात. पण मराठी घरातल्या माणसांनी तरी तसं करू नये, असं मला मनापासून वाटतं. दोन रात्री काढा. त्रिचीहून तास-दीड तासाचा रस्ता आहे, आईवडिलांची दमछाक होणार नाही.

बृहदीश्वराच्या देवळाला, म्हणजे तिथल्या लोकांच्या पेरिय कोविलला (मोठ्या देवळाला), दुपारी चारनंतर जा. दुपारी देऊळ बंद असतं आणि उन्हात दगडी फरशी पायाला चटके देते. आईबाबांसाठी जाड मोजे पिशवीत असू द्या. राजराज चोळाने १०१० मध्ये हे पूर्ण केलं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, दोनशे फुटांहून उंच, सगळं ग्रॅनाइटचं. संध्याकाळी त्याचा रंग मधासारखा होतो. याची सावली जमिनीवर पडत नाही असं कुणी सांगेल. पडते, मी त्या सावलीत बसलो आहे. देवळाची थोरवी सांगायला असल्या गोष्टींची गरज नाही.

आता खरं सांगायचं ते. गाभाऱ्याचं दर्शन झालं की गर्दीबरोबर बाहेर पडू नका. प्राकाराच्या, म्हणजे देवळाभोवतीच्या आवाराच्या, नैऋत्येकडच्या भिंतीपाशी जा. तिथे देवनागरी अक्षरं दिसतील, ओळीखाली ओळ, भिंतच्या भिंत. हा भोसले घराण्याचा इतिहास, मराठीत. तंजावरचे राजे सरफोजी दुसरे यांनी १८०३ मध्ये तो कोरून घेतला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात इथे राज्य स्थापलं आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केलं. मधली पावणेदोनशेहून अधिक वर्षं इथे दरबारात मराठी चालत होती. भाषा जुनी आहे, शब्द एकमेकांना चिकटून येतात, पहिली दोन मिनिटं काहीच लागत नाही. मग एखादं ओळखीचं नाव सापडतं आणि तिथून पुढे वाचता येऊ लागतं. माझ्या आईने भिंतीला हात न लावता, हवेतच बोट फिरवत एक ओळ मोठ्याने वाचली. शेजारी बसलेल्या तमिळ आजी ऐकत राहिल्या. वडिलांना वाचनाची आवड असेल तर त्यांना इथे निवांत अर्धा तास द्या, घाई करू नका.

दुसरा दिवस राजवाड्याचा. दरबार हॉलमध्ये सरफोजींचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडून उभा. लंडनचा शिल्पकार चँट्री याने घडवलेला. त्याच आवारातल्या कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत. पण जास्त वेळ ठेवा तो सरस्वती महाल ग्रंथालयासाठी. सुरुवात भोसल्यांआधीच्या नायक राजांची, पण सरफोजींनी ते खऱ्या अर्थाने वाढवलं. ताडपत्रांवरच्या आणि कागदावरच्या हजारो पोथ्या: संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी. सरफोजींना वैद्यकाचा नाद होता, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी त्यांनी चित्रांसह ठेवून घेतल्या, त्याही या संग्रहात आहेत. पर्यटकांना संग्रहालयाचा छोटा भागच पाहता येतो, तेवढाही पुरे आहे. बुधवारी ग्रंथालय बंद असतं, त्यामुळे तो वार टाळून बेत आखा.

तिसऱ्या सकाळी कुंभकोणमच्या बाजूला निघा. दारासुरमचं ऐरावतेश्वराचं देऊळ आकाराने लहान, पण नक्षी इतकी बारीक की आईवडील एका खांबापाशी बसूनही खूप काही पाहतील. जवळच स्वामीमलईला मूर्तिकारांची घरं आहेत. मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचे थर, मग भट्टी. मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडूनच मूर्ती बाहेर काढायची, म्हणून एका साच्याची एकच मूर्ती. काम चालू असेल तर विचारून आत जा, बहुतेक जण आपुलकीने दाखवतात. खरेदी केलीच पाहिजे असं नाही.

वेळ उरला तर तिरुवैयारू. कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी, संध्याकाळी फार शांत जागा. पुष्य वद्य पंचमीच्या सुमारास मात्र त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या आराधना उत्सवाची मोठी गर्दी असते. तिथला अशोका हलवा नक्की घ्या, मूगडाळीचा आणि तुपात निथळणारा. वडिलांना मधुमेह असेल तर चमचाभरच द्या.

राहण्यासाठी मोठ्या देवळापासून पायी जाता येईल असं हॉटेल बघा, म्हणजे सकाळी सहाला उठून आईवडिलांना पुन्हा एकदा दर्शनाला नेता येईल. त्या वेळी फरशी थंडगार असते, मोजेही लागत नाहीत.