दोन ‘ते’

पत्र

माझं वय 39, त्यांचं 58. लग्नाला नऊ वर्षं झाली. ओळख नोकरीत झाली. ते माझे वरिष्ठ होते, त्यामुळे तोंडात ‘तुम्ही’ बसलं ते अजून तसंच आहे. लग्नाला दोन्हीकडून विरोध होता. पहिली सहा-सात वर्षं मला कशाचीच उणीव वाटली नाही. गेल्या दोन वर्षांत मात्र आमच्यात ते जवळजवळ बंदच झालंय. शेवटचं चार महिन्यांपूर्वी, तेही अर्धवट राहिलं. ते काही बोलले नाहीत, उठून पाणी प्यायला गेले. तेव्हापासून रात्री उशिरापर्यंत बाहेरच्या खोलीत बसतात. मी झोपले असं वाटलं की येतात, दारात जरा वेळ थांबतात. मी डोळे मिटून पडलेली असते. कधी कधी वाटतं, तो मला टाळतोय. एकदा भांडणात माझ्या तोंडून ‘तुमचं वय झालंय’ असं निघून गेलं. आता तर हातही लावत नाहीत. माणूस म्हणून फार चांगले आहेत. मला ते हवे आहेत आणि तेही हवं आहे. हे चूक आहे का? कसं बोलू? मैत्रिणींना सांगायची सोय नाही, ‘तेव्हाच सांगितलं होतं’ हे ऐकून घ्यावं लागेल.

उत्तर

चूक नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

‘मला ते हवे आहेत आणि तेही हवं आहे’ या वाक्याला मला आधी हसू आलं, मग ते वाक्य मी पुन्हा वाचलं. पत्रभर दोन ‘ते’ आहेत. एक तुमचे यजमान, आणि दुसरं ते, ज्याचं नाव तुम्ही एकदाही घेतलं नाहीत. दोघांनाही तुम्ही आदरानं लांबच ठेवलंय. तुम्हाला दोष देत नाही, आपली भाषाच इथे आखडते. शरीरसंबंध म्हटलं की पोलिसांतला जबाब वाटतो, संभोग म्हटलं की शास्त्राचा ग्रंथ, कामेच्छा म्हटलं की भिंतीवरची जाहिरात. सेक्स त्यातल्या त्यात बरा, दोघांनाही सारखाच परका. पण पहिल्या सहा-सात वर्षांत तुमच्या दोघांचा एखादा खासगी शब्द असेलच. बहुतेक जोडप्यांचा असतो, आणि तो बाहेर कुणाला सांगितला तर अगदी बावळट वाटतो. तो आठवून ठेवा, लागणार आहे.

आता त्या वयाबद्दल. लग्न झालं तेव्हा तुम्ही तिशीत होतात आणि ते एकोणपन्नाशीत. अंतर तेव्हाही 19 वर्षांचंच होतं आणि सगळं छान चाललं होतं. मग दोन वर्षांपूर्वी काय बदललं? हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, कारण उत्तर आधीपासून तयार होतं, लग्नाआधीच लोकांनी हातात ठेवलेलं. ‘वय झालंय’ या उत्तराची गंमत अशी की ते एकदा दिलं की पुढे विचारायला काही उरतच नाही. वयावर औषध नाही, आणि त्यात कुणाची चूकही नाही.

वयाचा परिणाम होतोच, तो मी नाकारत नाही. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन चाळिशीच्या आसपासपासून साधारण वर्षाला 1 टक्का या गतीनं कमी होत जातं. ताठरता यायला वेळ लागतो, नुसत्या कल्पनेनं भागत नाही, प्रत्यक्ष स्पर्श लागतो, आणि एकदा झाल्यावर पुन्हा तयार व्हायला तरुणपणापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. पण ही सगळी उतरण आहे. दोन वर्षांत दार धाडकन बंद झालं, तर मागे बहुधा दुसरं काहीतरी असतं. रक्तदाबाची गोळी सुरू झाली का? रक्तदाबाची काही औषधं आणि नैराश्यावरची बरीच औषधं इच्छेवर किंवा ताठरतेवर परिणाम करतात. साखर तपासली होती का? झोप कशी आहे? 58 म्हणजे निवृत्ती समोर दिसायला लागण्याचं वय. ज्या माणसाची ओळखच ‘वरिष्ठ’ ही होती, त्याला ते कसं वाटत असेल?

आणि एक गोष्ट जी तुम्हा दोघांनाही माहीत असायला हवी. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. वाहिन्या अरुंद व्हायला लागल्या की त्रास बारीक नळीत आधी दिसतो. त्यामुळे ताठरतेची तक्रार कधी कधी हृदयविकाराच्या काही वर्षं आधी दिलेली सूचना असते. म्हणून डॉक्टरकडे जायचं ते ‘तसल्या’ कामासाठी म्हणून नव्हे, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि हृदय तपासायला. बऱ्याच पुरुषांना हे कारण सोसवतं. नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा, पुढे युरोलॉजिस्ट. चालू गोळी मनानं बंद करायची नाही, डॉक्टर बदलून देतात. आणि कुणी मित्रानं गुपचूप दिलेली गोळी तर मुळीच नाही. 1998 साली व्हायग्रा या नावानं बाजारात आलेलं ताठरतेचं औषध, सिल्डेनाफिल, अनेकांना उपयोगी पडतं, पण छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेटची औषधं चालू असतील, जिभेखाली ठेवायची गोळी त्यातलीच, तर दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जाऊ शकतो. शिवाय ती गोळी इच्छा निर्माण करत नाही. तिथे गोळीचं काम संपतं आणि तुमचं दोघांचं सुरू होतं.

त्या अर्धवट राहिलेल्या रात्रीकडे येते, कारण सगळं तिथेच अडकलंय असं मला वाटतं. ते उठून पाणी प्यायला गेले. तुम्ही काही बोलला नाहीत, बहुधा त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. त्यांनी त्या शांततेचा अर्थ काय लावला असेल? मग काही दिवसांनी भांडणात ‘वय झालंय’. झालं, त्यांनी मनात लावलेल्या अर्थावर तुमचा शिक्का बसला. आता त्यांच्या लेखी तुमच्या खांद्यावर हात ठेवणं म्हणजे हुंडी लिहून देणं आहे, रात्री वटवावी लागेल आणि खात्यात काही नसेल तर पुन्हा नाचक्की. त्यापेक्षा हातच नको. असं होतं तेव्हा संबंध थांबतातच, पण सोबत पाठीवरचा हात, जाता जाता मारलेली टिचकी, सोफ्यावर टेकलेला गुडघा, हेही जातं. मला वाटतं तुम्हाला जास्त लागलंय ते हे.

त्यांच्या मनात काय आहे ते मला इथे बसून दिसत नाही. पण कंटाळलेला माणूस सरळ येऊन झोपतो. तो दारात थांबत नाही.

बोलायचं कसं? पलंगावर नाही आणि रात्री नाही. दोघं शेजारी शेजारी असाल पण नजरेला नजर द्यावी लागणार नाही अशी जागा शोधा. चालताना, गाडीत, भाजी निवडताना. सुरुवात माफीनं करा आणि तिला ‘पण’ जोडू नका. ‘त्या दिवशी मी वयाचं बोलले ते चुकलं. ते मला खरं वाटत नाही, मला राग आला होता.’ इथे थांबा. ते काही बोलले नाहीत तरी चालेल, त्या दिवशी एवढंच. पुढच्या वेळी: ‘त्या रात्री राहून गेलं त्याचं मला काही नाही. तुम्ही उठून गेलात आणि परत माझ्याकडे आला नाहीत, त्याचं आहे.’ आणि मग, तो खासगी शब्द वापरून, तुमचं स्वतःचं: मला अजून हवं असतं, आणि तुमच्याशीच हवं असतं.

हे तिसरं वाक्य गाळू नका. मोठेपणा घ्यायचा म्हणून ‘मला काही नाही हो त्याचं’ असं बायका सहज म्हणून जातात. वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका पत्राला मी ‘छंदात मन रमवा’ असं उत्तर दिलं होतं. तिचं एका ओळीचं पत्र आलं, ‘मन रमलंय, शरीराचं काय?’ मला अजून लाज वाटते त्या उत्तराची.

त्यांनी ऐकलं, तर एक करार सुचवा. काही आठवडे संभोग करायचाच नाही, दोघांनी आधीच ठरवून. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधक जोडीनं 1970 मध्ये मांडलेली पद्धत आहे, आजही समुपदेशक वापरतात. पाळीपाळीनं एकानं दुसऱ्याला नुसता स्पर्श करायचा, सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं सोडून. ज्याला स्पर्श होतोय त्यानं फक्त सांगायचं, इथे बरं वाटतंय, इथे नको. ऐकायला पोरकट वाटतं. पण परीक्षाच रद्द झाल्यावर नापास व्हायची भीती कुठून येणार? हात लावला म्हणजे पुढचं द्यावं लागेल हा हिशेबच बंद होतो. आणि हेही स्पष्ट लिहिते, कारण कुणी लिहीत नाही: तुमचं सुख त्यांच्या ताठरतेवर अवलंबून नाही. हात आहेत, ओठ आहेत, वेळ आहे. बहुसंख्य स्त्रियांना नुसत्या संभोगानं तृप्ती मिळतही नाही. एकट्यानं स्वतःचं सुख घेतलंत तर त्यात त्यांच्याशी बेइमानीही नाही.

एवढं करूनही भूक सारखी होईल असं वचन देत नाही. त्यांना महिन्यातून एकदा पुरेल, तुम्हाला आठवड्यातून दोनदा लागेल, असंही होईल. ठरलेला आकडा कुठल्याच पुस्तकात नाही. त्यांचा ‘आज नको’ तितकाच खरा धरावा लागेल जितका तुमचा ‘आज हवं’. उपकार म्हणून दिलेलं सुख दोन-चारदा चालतं, मग देणाराही चिडतो आणि घेणाराही. शिवाय 45 ते 55 च्या दरम्यान तुमचीही पाळी जाईल. कोरडेपणा येईल, झोप उडेल, इच्छा कदाचित दडी मारेल. तेव्हा ‘आज नको, पण जवळ बस’ हे वाक्य तुम्हाला लागेल. ते त्यांना आज म्हणता आलं तर तेव्हा तुम्हालाही सोपं जाईल.

त्यांनी महिनोन्महिने विषयच काढू दिला नाही, तर तुम्ही एकट्या समुपदेशकाकडे जा. दोघांनीच जायला हवं असं नाही. लग्नात राहायचं की नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून मीही काढत नाही. मैत्रिणींचं म्हणाल तर ‘सांगितलं होतं’ म्हणणाऱ्यांना हे सांगूच नका. त्यांनी सांगितलं होतं ते हे नव्हे.

अजून एक. पत्रभर तुम्ही त्यांना ‘ते’ म्हटलंत, एका वाक्यात मात्र ‘तो’ निसटलाय. ‘तो मला टाळतोय’. जिथे सगळ्यात जास्त दुखलं तिथे वरिष्ठ गळून पडला आणि नुसता नवरा राहिला. नऊ वर्षांची सवय मोडून ‘तू’ म्हणा असं सांगणार नाही, ते कृत्रिम होईल. पण ‘तुम्ही’ म्हणताना आपण कधीकाळच्या साहेबांकडे रजा मागत नाही आहोत, एवढं लक्षात असू द्या.

बोलायची जागा आणि वेळ मिळायला कदाचित आठवडा जाईल. दारातली ती वेळ मात्र रोजच येते. आज रात्री ते थांबले की डोळे मिटू नका. विषय काढू नका, कुशीतही बोलावू नका. ‘जागी आहे मी’ एवढंच म्हणा, आणि त्यांच्या बाजूचं पांघरूण थोडं सारून ठेवा.